प्रशिक्षिका पॅट समिट

१९७४ साली अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची धुरा पॅट समिट यांच्या हाती आली, तेव्हा त्या अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. त्या काळी तेथे स्त्रियांच्या खेळास मान थोडा आणि पैसा त्याहून थोडा. संघाची गाडी त्या स्वतः चालवीत. खेळाडूंचे गणवेशही स्वतःच धूत. शिस्त मात्र कडक! वर्गात खेळाडूंनी पहिल्या तीन रांगांतच बसावे, असा त्यांचा दंडक असे. ३८ वर्षांत त्यांच्या संघाने १,०९८ सामने व ८ राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. २०११ साली त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडल्याचे निदान झाले. तो त्यांनी लपविला नाही. सर्वांना सांगून आणखी एक हंगाम त्या संघासोबत उभ्या राहिल्या आणि मगच, २०१२ साली, पदावरून दूर झाल्या. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.