न भरणारा चट्टा

पाठीवर वा छातीवर तांबूस, पातळ, खवलेयुक्त चट्टा. खाज नाममात्र, वाढ अत्यंत मंद. विचर्चिका किंवा दद्रु समजून महिनोन्महिने लेप दिले जातात. लेपास न जुमानणाऱ्या अशा चट्ट्यात वरवरच्या बेसल सेल कर्करोगाची शंका घेऊन बायॉप्सीसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविणे, हे वैद्याचे प्रथम कर्तव्य होय.

शस्त्रकर्मात निरोगी कडेसह चट्टा काढून कडांची तपासणी करता येते. कमी जोखमीच्या बेसल सेल कर्करोगांवरील २०१४ च्या ब्रिटिश अभ्यासात तीन वर्षांनंतर शस्त्रकर्माचे यश ९८ टक्के, तर इमिक्विमोड मलमाचे ८४ टक्के आढळले. शस्त्रकर्म नको असल्यास वरवरच्या प्रकारात मलमाचा पर्याय उरतो. २०१८ च्या डच अभ्यासात पाच वर्षांनंतर रोगमुक्तीचे प्रमाण इमिक्विमोडने ८०.५, फ्लुओरोयुरॅसिलने ७० आणि प्रकाशचिकित्सेने ६२.७ टक्के होते. इमिक्विमोड आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे लावतात. लाली व खपली अपेक्षितच असते.

येथे क्षारकर्माचा मोह कटाक्षाने टाळावा. वरची त्वचा भरून येते, खाली रोग उरू शकतो. औषधालयचालकांनीही ही मलमे तज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. निदानापूर्वी केलेला दाह रोग्यास महाग पडतो.