पीठ नावाचं गाव

अ‍ॅडलेडहून निघताना गाडीत आम्ही चौघं होतो, दोन तंबू होते, साठ लिटर पाणी होतं, मॅगीची वीस पाकिटं होती. आणि माझ्या फोनमध्ये बाबांचा एक मेसेज होता, ज्याला मी तीन दिवस उत्तर दिलं नव्हतं. ‘चौथं बोअर मारायचं म्हणतोय. सोसायटीचं कर्ज मिळतंय. तुला काय वाटतं?’

आमचं गाव माणदेशात. आधीची तीन बोअर कोरडी गेलेली. मी इथे डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकतेय, बोअरचं मी काय सांगणार? फोन खिशात टाकला आणि गाडीत बसले.

जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा आणि युनिव्हर्सिटीची सुट्टी. रूममेटने नुकतीच सेकंडहँड फोर व्हील ड्राइव्ह घेतली होती, म्हणून ही ट्रिप जमली. भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर नेली तर इन्शुरन्स बहुतेक वेळा हात वर करतो. बेत साधा होता: उत्तरेकडे जात राहायचं, दिवस मावळायच्या आत तंबू ठोकायचा. कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि गाडीला धडकले तर ट्रिप तिथेच संपते.

पहिला अर्धा दिवस नुसती शेतं. क्लेअरचे द्राक्षमळे, मग हिरवागार गहू, नजर जाईल तिथपर्यंत. अधेमधे धान्याचे उंच सायलो. ऑरोरू गाव मागे पडलं आणि हिरवं विरळ होत गेलं. माती लाल झाली, गव्हाच्या जागी राखाडी खुरटी झुडपं आली. आणि मग दिसायला लागली घरं. दगडी, जाड भिंतींची, धुराडी शाबूत, पण छप्पर नाही. एक, दोन, पाच. ‘भूत बंगला सिरीज,’ मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. आम्ही हसलो, फोटो काढले आणि पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी फ्लिंडर्स रेंजेसचे डोंगर उजवीकडे ठेवून लिंडहर्स्टला पोहोचलो. त्याच्या पुढे कच्चा रस्ता, नेटवर्क शून्य. वीस मिनिटांत टायर पंक्चर. जॅक लावला तर तो मातीतच रुतायला लागला. तेवढ्यात मागून एक कॅरॅव्हॅन आली. सत्तरीचं जोडपं. इकडे रिटायर झाल्यावर देशभर भटकणाऱ्या अशा मंडळींना ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात. आजोबांनी न बोलता एक लाकडी फळी काढून जॅकखाली सरकवली. ‘फळीशिवाय इकडे यायचं नाही,’ एवढंच म्हणाले. या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी थांबायचं असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी एकाच कॅम्पवर भेटलो. गावाचं नाव फरीना. म्हणजे गाव नाहीच, उरलेल्या भिंती. पण तंबूला जागा आहे, लाकडाच्या बंबावर तापलेलं आंघोळीचं पाणी आहे आणि हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक इथली जुनी, जमिनीखालची बेकरी पेटवतात. ताज्या पावाचा वास सगळ्या उजाड माळावर पसरला होता.

शेकोटीपाशी आजोबांनी गोष्ट सांगितली. ते स्वतः गव्हाचे शेतकरी. 1865 साली दुष्काळ पडला, तेव्हा जॉर्ज गोयडर नावाचा सरकारी सर्व्हेअर घोड्यावरून सगळा मुलूख फिरला. पर्जन्यमापकं मोजकीच होती, म्हणून त्याने झाडोरा वाचला. सॉल्टबुशची झुडपं जिथून सुरू होतात, तिथून पाऊस भरवशाचा नाही. नकाशावर त्याने रेषा मारली: दक्षिणेला शेती करा, उत्तरेला फक्त जनावरं चारा. आज मोजलं तर ती रेषा साधारण 250 मिलिमीटर पावसाच्या आसपास जाते.

‘मग लोकांनी ऐकलं?’ मी विचारलं.

‘काही वर्षं. मग पाऊस चांगला झाला.’

1870च्या दशकात सलग बरे पावसाळे आले आणि लोक गोयडरला हसायला लागले. नांगर जिथे जातो तिथे पाऊस मागे येतो, असा तेव्हा समज होता. सरकारनेही रेषेपलीकडच्या जमिनी शेतीला खुल्या केल्या. 1878मध्ये या जागेला नाव दिलं फरीना, लॅटिनमध्ये पीठ. इथे गव्हाचं कोठार होणार होतं! रेल्वे आली, हॉटेलं आली, वस्ती सहाशेच्या आसपास गेली. पाऊस मात्र पुन्हा गेला. 1880च्या दशकात शेतकरी घरं तशीच सोडून दक्षिणेला परतले. काल आम्ही ज्यांना ‘भूत बंगला’ म्हणालो, तशाच घरांमधून.

त्या रात्री झोप लागली नाही. थंडी होतीच. पण डोळ्यांसमोर आमचं गाव होतं. दोन वर्षं पाऊस बरा झाला तेव्हा काकांनी लावलेला ऊस, तिसऱ्या वर्षी जळालेला. आमच्याकडे कुणी रेषा मारली नव्हती, असं मला वाटत होतं.

परतीच्या वाटेवर ली क्रीकला नेटवर्क आलं. गाडी थांबवायला सांगितली आणि बाबांना फोन लावला. फरीनाचं सगळं सांगितलं. मग धीर करून म्हणाले, ‘बाबा, बोअर नको. त्या पैशात शेळ्या-मेंढ्या वाढवू. बांधबंदिस्ती करू. ऊस आणि डाळिंब आपल्या रानाला नाही झेपणार.’

पलीकडे बराच वेळ शांतता. वाटलं, रागावले.

‘हे बघायला तू तिकडं आस्ट्रेलियात गेलीस व्हय?’ बाबा म्हणाले. ‘तुझा आजा जल्मभर हेच सांगत हुता. रान मेंढरांचं हाय म्हणून.’

बोअरचं काय ठरलं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पण काल एक फोटो पाठवलाय. दावणीला दोन नवी कोकरं.