कोणती फेलोशिप भरू? आधी प्रश्न कोणाचा ते बघा



नगरपरिषद, शहराचा कारभार, नागरी धोरण अशा विषयात काम करायचं ठरवलं की पहिली शोधाशोध सुरू होते ती फेलोशिपची. पैसे किती, मुदत किती, फॉर्म कधी निघतो. हे सगळं बघायलाच हवं. पण त्याआधी एक गोष्ट विचारा: तिथे गेल्यावर तुम्ही ज्या प्रश्नावर काम करणार, तो ठरवणार कोण? याच्या उत्तरावरून फेलोशिपचे सरळ दोन गट पडतात.

पहिला गट म्हणजे कार्यालयासोबत काम. आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण मुख्यमंत्री फेलोशिप. ही २०१५ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा आली. ६० फेलो, १२ महिने, वय २१ ते २६. पदवीला ६० टक्के गुण, एक वर्षाचा अनुभव आणि मराठी येणं आवश्यक. २०२५-२६ साठी दरमहा ६१,५०० रुपये ठरले होते. आधी ऑनलाइन परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही असतो. केंद्राची 'ट्युलिप' ही २०२० ची योजना याच गटातली. ती ताज्या पदवीधरांना नागरी संस्थांत इंटर्नशिप देते.

इथे प्रश्न कार्यालयाचा असतो. फाईल कशी फिरते, शासन निर्णय प्रत्यक्षात कसा उतरतो हे तुम्हाला आतून दिसतं, आणि ते पुस्तकात मिळत नाही. पण त्या वर्षात तुम्ही त्या व्यवस्थेचा भाग असता, तिची तपासणी करणारे नसता.

दुसऱ्या गटात प्रश्न तुमचा असतो. यूजीसीची जेआरएफ (२०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,०००), आयसीएसएसआरची डॉक्टरल फेलोशिप, आणि पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी बार्टी, महाज्योती, सारथी, टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप. त्या त्या प्रवर्गानुसार यातली एखादी तुम्हाला लागू होऊ शकते.

आता वयाचं गणित बघा. मुख्यमंत्री फेलोशिपचं दार २६ ला बंद होतं. जेआरएफला खुल्या प्रवर्गात ३० पर्यंत वेळ असतो, महिला आणि राखीव प्रवर्गांना त्याहून जास्त. म्हणजे दोन्ही करायचं मनात असेल तर क्रम एकच: आधी कार्यालय, मग पीएच.डी. उलटा क्रम बहुतेकांना जमत नाही. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षाचा शासन निर्णय स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका.

पण खरी अडचण पुढे आहे. स्वतःचा प्रश्न असायला हवा, तो आणायचा कुठून? "गोंदियात कसलं अर्बन पॉलिसी, त्यासाठी मुंबई-पुण्यालाच जावं लागेल," असं अनेकांना वाटतं. मला हे पटत नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेत पुण्याची जी पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली आला. पुणे तेव्हा आजच्यासारखं महानगर नव्हतं. ज्या शहरात बसले होते तेच त्यांनी मोजायला घेतलं.

आपल्या जिल्ह्यात काय आहे बघा. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहराची लोकसंख्या १,३२,८१३. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे मोठ्या शहरांवरचं वॉर्ड समित्यांचं संशोधन गोंदियाला जसंच्या तसं लागू पडत नाही. इथे नागरिक आपलं म्हणणं कोणत्या वाटेने नेतात, हा वेगळा प्रश्न झाला.

दुसरा प्रश्न त्याहून नेमका. गोंदिया आणि तिरोडा नगरपरिषदांची निवडणूक जानेवारी २०१७ मध्ये झाली. पाच वर्षं संपल्यावर प्रशासक आले आणि पुढची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये. याच काळात देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या नगरपंचायतींच्या निवडणुका २०२१-२२ मध्ये झाल्या होत्या, तिथे निवडून आलेले सदस्य होते. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, दोन प्रकारचा कारभार! नगरसेवक नसताना नाल्या आणि रस्त्यांची कामं वॉर्डांमध्ये वेगळ्या पद्धतीने वाटली गेली का?

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे अशी मांडणी दिसली की तुलनेचा मोह होतो. तरी दोन ठिकाणी सावध राहा. एक, नगरपंचायती आकाराने फार लहान आहेत. त्यामुळे खर्चाचे आकडे शेजारी शेजारी ठेवू नका, प्रत्येक ठिकाणी २०२२ च्या आधी आणि नंतर काय बदललं ते बघा. दोन, 'आधीच्या' काळात कोरोनाची २०२० आणि २०२१ ही वर्षं येतात. ती वेगळी काढली नाहीत तर कोरोनाचा परिणाम तुम्ही प्रशासकाच्या नावावर लिहाल.

माहिती मिळते का? मिळते, फक्त पाठपुरावा लागतो. सभेचे ठराव आणि इतिवृत्त, वार्षिक अर्थसंकल्प, मालमत्ता कराची मागणी आणि वसुली, कार्यादेश, लेखापरीक्षण अहवाल. नगरपरिषदांचे लेखे केंद्राच्या 'सिटी फायनान्स' पोर्टलवरही बघायला मिळतात. उरलेल्यासाठी माहितीचा अधिकार: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. वर्ष, विभाग आणि कागदाचं नाव लिहा, म्हणजे टोलवाटोलवीला जागा कमी राहते.

मग फेलोशिपचा अर्ज भरायला बसा. "मला नागरी विकासात रुची आहे" असं शेकडो अर्जांत असतं. तुमच्या अर्जात एक शहर, एक काळ, एक प्रश्न आणि तो तपासायचे कागद असतील तर वाचणारा थांबतो. सिनॉप्सिसलाही हेच लागतं, आणि गाईडकडे पहिल्यांदा जातानाही हेच हातात असलं पाहिजे.

सुरुवात म्हणून आपल्या नगरपरिषदेचा गेल्या तीन वर्षांचा अर्थसंकल्प मिळवा. त्यात जे आकडे तुम्हाला समजणार नाहीत त्यांच्यासमोर पेन्सिलने खूण करा. तुमचा प्रश्न बहुधा त्या खुणांमध्येच सापडेल.