आफ्रिकेतील मिश्र युद्धकला आणि आपली तालीम : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

दिंडोरी तालुक्यातील गावोगावच्या यात्रांत, रेवड्यांच्या कुस्त्यांनी आरंभ होऊन शेवटच्या मोठ्या इनामी कुस्तीने ज्याची सांगता होते त्या आखाड्याभोवती बसणाऱ्या तरुणांना आता कामारू उस्मान, इस्राएल अडेसान्या आणि फ्रान्सिस एन्गानू ही नावे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून परिचित झाली आहेत. आफ्रिकेत जन्मलेले हे तिघे 2021 साली यूएफसी या अमेरिकी संस्थेच्या तीन निरनिराळ्या वजनगटांत एकाच वेळी विजेतेपदावर होते, आणि त्या खंडात मिक्स्ड मार्शल आर्ट्स, अर्थात मिश्र युद्धकलेचे, जे आकर्षण वाढले त्याला या घटनेने फार मोठे बळ मिळाले. परंतु या खेळाविषयी आणि त्यातल्या आफ्रिकी यशाविषयी आपल्याकडे जे समज रूढ आहेत, त्यांतील बरेचसे तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला समज असा, की ही नियमशून्य मारामारी आहे. नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते आणि मज्जाव असलेल्या गोष्टी अगदीच थोड्या होत्या, हे खरे. पण 2000-01 च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एकसूत्री नियमावली सिद्ध झाली आणि तेव्हापासून या खेळाचे रूप पालटले. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदासाठी पाच. डोळ्यांत बोटे घालणे, चावणे, डोक्याने धडक देणे, पाठीच्या कण्यावर वा मस्तकाच्या मागील बाजूस प्रहार करणे, या साऱ्यांस सक्त मनाई. आणि हाताने थाप देऊन पराभव मान्य करण्याची मुभा प्रत्येकास. इजा होते, ती गंभीरही असते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु धोका असणे निराळे आणि कायदा नसणे निराळे.

दुसरा समज, की आफ्रिकेने ही विद्या पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली. ईजिप्तमधील बेनी हसन येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर मल्लांच्या शेकडो जोड्या डाव टाकताना रंगविलेल्या आहेत. सेनेगल देशात वाळूवर खेळल्या जाणाऱ्या लांब या कुस्तीत पकडीबरोबर ठोशांनाही परवानगी असून ती तेथील लोकप्रिय खेळांत अग्रगण्य गणली जाते. याच परंपरेत वाढलेल्या ओमर केन या मल्लाने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन’ या आशियाई मिश्र युद्धकला संस्थेचे सर्वांत वरच्या वजनगटाचे विजेतेपद मिळविले. नायजेरियाच्या हौसा समाजात खाटिकांनी जोपासलेल्या दांबे या मुष्टियुद्धात एक हात दोरीने आवळून बांधतात व त्यास भाला मानतात, दुसरा मोकळा हात ढाल. ज्या भूमीत असे खेळ पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, तेथे नव्या खेळाने मूळ धरले यात नवल ते काय? आपल्याकडेही बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे सविस्तर वर्णन केले आहे.

तिसरा समज अधिक घातक, कारण तो प्रशंसेचा वेष घेऊन येतो : आफ्रिकी माणूस उपजतच बलदंड, म्हणून जिंकतो. उस्मान बालपणीच नायजेरियातून अमेरिकेत गेला, तेथे शाळा-महाविद्यालयांत वर्षानुवर्षे कुस्ती केली आणि 2010 साली महाविद्यालयीन कुस्तीच्या द्वितीय श्रेणीत राष्ट्रीय विजेता झाला. यूएफसीचा पट्टा त्याच्या कमरेस लागला तो 2019 मध्ये. अडेसान्या न्यूझीलंडमध्ये किकबॉक्सिंग शिकून तयार झाला. एन्गानूने लहानपणी कॅमेरूनमध्ये वाळूच्या खाणीत मजुरी केली हे सर्वश्रुत आहे, परंतु पॅरिसला पोहोचून गुरूच्या हाताखाली शिकल्यावाचून त्या बळाचा उपयोग झाला नसता. या परिश्रमांना रक्ताचा गुण म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चौथा समज खास आपला : तालमीतला चांगला पैलवान मिश्र युद्धकलेच्या जाळीदार पिंजऱ्यात सहज बाजी मारील. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. आपल्या कुस्तीत पाठ मातीस लागली की निकाल झाला. म्हणून खाली आलेला पैलवान जिवाच्या आकांताने पालथा होतो, छाती मातीला चिकटवितो आणि प्रतिस्पर्ध्याला स्वतःची पाठ देतो. आखाड्यात हे शहाणपण आहे. मिश्र युद्धकलेत मात्र चित होणे म्हणजे हरणे नव्हे, उलट पाठ देणे हीच मोठी आपत्ती, कारण पाठीवर बसलेला मल्ल हनुवटीखालून हात घालून गळा आवळतो. तीच गोष्ट पट काढण्याची : पायांत शिरताना मान खाली आणि बाहेर राहिली, की ती समोरच्याच्या काखेत सापडते व गिलोटिन नावाची पकड बसते. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघाय येथे यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, आपल्या मुंबईचा भरत खंदारे, चीनच्या साँग यादाँगकडून याच पकडीने पहिल्या फेरीत पराभूत झाला. तो तिथवर पोहोचला हीच मोठी मजल होती, आणि कुस्तीचा पाया किती मोलाचा आहे हे उस्मानच्या उदाहरणावरून दिसतेच; पण पाया म्हणजे इमारत नव्हे.

हा खेळ कुस्तीला बुडवील, ही भीती तर मला निराधार वाटते. सेनेगलमध्ये केनच्या विजयानंतर लांब ओस पडली नाही. आपल्याकडेही गादी आली म्हणून माती संपली नाही : महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी हे दोन विभाग आज शेजारी नांदतात, आणि जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने जी गदा जिंकली ती याच पद्धतीच्या स्पर्धेत.

मातीत घडलेले खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये अनोळखी गादीवर उतरून सहावे आले. आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी शिकून घेतले आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले. म्हणून दिंडोरीच्या वस्तादांना आणि पालकांना माझी विनंती आहे, की एखादा मुलगा या खेळाची वाट विचारू लागला तर त्याला धाक घालू नये, आणि नुसत्या मेहनतीच्या भरवशावर पिंजऱ्यातही लोटू नये. प्रथम त्याची कुस्ती पक्की करावी, मान आणि पाठ राखण्याचे निराळे शिक्षण देणारा जाणता प्रशिक्षक शोधावा, आणि वैद्यकीय तपासणीवाचून त्यास कोणत्याही लढतीत उतरू देऊ नये.