चंद्राने आखलेला दौरा

मँचेस्टरचे नोएल आणि लियम गॅलागर हे सख्खे भाऊ 2009 साली पॅरिसमध्ये ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर भांडले आणि त्यांचा 'ओॲसिस' हा रॉक बँड फुटला. पंधरा वर्षं गेली. 27 ऑगस्ट 2024 ला जाहीर झालं, की दोघं पुन्हा एकत्र येणार, दौरा काढणार. 4 जुलै 2025 ला कार्डिफमध्ये पहिला कार्यक्रम झाला, तोवर लोक तिकिटांसाठी वेडे झाले होते.

दोन भाऊ एका मंचावर आले, त्याचं एवढं नवल! आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बेलापूरकडे हे सांगितलं तर एखादा म्हातारा शांतपणे विचारेल, "बरं, मग?" कारण इथे शंभर-सव्वाशे माणसांचा तमाशाचा फड दर वैशाखाअखेर मोडतो, पांगतो आणि दसऱ्याला पुन्हा उभा राहतो. आता पावसाळा आहे. फड मोडलेले आहेत. आणि मला विचाराल तर तमाशातली सर्वात थक्क करणारी गोष्ट याच दिवसांत घडते, एकही ढोलकी न वाजता.

विचार करा. सोंगाड्या एका तालुक्यात, ढोलकीवाला दुसऱ्या जिल्ह्यात, नाचणाऱ्या मुली आपापल्या गावी, कनात ठोकणारे बिगारी शेतमजुरीला. यांना पुन्हा एकाच दिवशी एका जागी कोण आणतं? छापील करारनामे, वकील, व्यवस्थापक? छे. आणते ती 'उचल'. फडमालक पावसाळ्यातच कलावंताच्या हातात आगाऊ रक्कम ठेवतो. त्यातून घराचे पत्रे बदलतात, पोरांच्या फिया भरतात. ती फेडायची नाचून, गाऊन, वाजवून. एकदा उचल घेतली की दसऱ्याला त्या फडात हजर व्हायचं, हा व्यवहार मुख्यतः शब्दावर चालतो. मालकही बहुधा सावकाराकडून कर्ज काढूनच उचल वाटतो. म्हणजे पडदा उघडण्याआधीच अख्खा फड एकमेकांच्या देण्यात बांधलेला. याचं मी कौतुक करतो आहे असं समजू नका. या बांधणीत पिळवणूकही आहे. पण तिची ताकद बघून तोंडात बोट जातं खरं.

दसऱ्यानंतर मोठे फड कनात, रंगमंच, दिवे, स्वयंपाकाची भांडी असा सगळा संसार ट्रकांत भरून तिकिटावर गावोगाव फिरतात. तो झाला दौऱ्याचा पूर्वार्ध. उत्तरार्ध सुरू होतो पाडव्यापासून, आणि तो कुणी माणूस आखतच नाही.

मग कोण आखतं? चंद्र!

पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. भाऊ-बापू मांग आणि विठाबाई या तमाशा कलावंतांचं गाव. आमच्याकडून लोणी, संगमनेर, आळेफाटा करत तिथे पोचता येतं. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, बाहेर नावांचे फलक झळकतात आणि गावोगावच्या जत्रा कमिट्या येऊन बसतात. "आमची तीथ मोकळी आहे का?" हा पहिला प्रश्न. पैशाचं बोलणं नंतर. वही उघडते, तीथ बघितली जाते, घासाघीस होते, सुपारी ठरते. जत्रांच्या पुढच्या महिना-दीड महिन्याच्या रात्री अशा थोडक्या दिवसांत विकल्या जातात.

आता गंमत बघा. गावचा देव आपली तीथ बदलत नाही. त्यामुळे एकाच तिथीला अनेक गावांत जत्रा आणि फड मात्र मोजके. चैत्री पौर्णिमेला भाव चढतो, आणि चैत्र वद्य अष्टमीला, म्हणजे कालाष्टमीला तर कडाडतो, कारण पुणे-नगरकडच्या कितीतरी भैरवनाथांच्या जत्रा त्या वेळी येतात. तोच फड, तोच वग, तीच माणसं. पण मधल्या एखाद्या आडतिथीला सुपारी निम्म्यावर आली तरी कुणाला आश्चर्य वाटत नाही. विमानाची तिकिटं मागणीप्रमाणे महाग-स्वस्त होतात याचं आपल्याला अप्रूप. राहुटीतल्या वहीला हे गणित आधीपासून ठाऊक होतं.

आणखी एक. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो. वद्य अष्टमीचा उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास आणि पहाटे आकाशात उंच असतो. रस्त्यावर दिवे नव्हते, बैलगाडीने किंवा पायी परतायचं होतं, तेव्हा या दोन्ही रात्री तमाशा सुटल्यावर वाटेत चांदणं हमखास मिळायचं! तिथी त्यासाठीच निवडल्या असा माझा दावा नाही. देवांची कारणं वेगळी असतात. पण सोय बघून थक्क व्हायला काय हरकत आहे? वर दिवसही असे, की रब्बीचं पीक घरात आलेलं, उसाचा गाळप हंगाम उतरणीला लागलेला आणि पाऊस लांब.

चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस 354 भरतात. सूर्याच्या वर्षाहून अकरा कमी. म्हणून पाडवा दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतो. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला होता, यंदा 19 मार्चला आला. पण यंदा ज्येष्ठ अधिक होता. त्यामुळे गेल्या वर्षी 2 ऑक्टोबरला असलेला दसरा यंदा गेला 20 ऑक्टोबरवर! पंचांगातल्या या एका ओळीचा फडातला अर्थ काय? बिनकामाचा पावसाळा महिनाभर लांबला. तीच उचल तेरा महिन्यांच्या वर्षाला पुरवायची.

आता कनातीच्या मागे चला, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी. कोपऱ्यात कागद-काटक्यांचा जाळ आणि त्यावर हलगी धरून बसलेला माणूस. हलगीला ना दोऱ्या, ना खुंट्या, ना चाव्या. कड्यावर ताणून बसवलेलं नुसतं कातडं. दव पडलं की ते ओल शोषून सैल पडतं आणि आवाज भदभद येतो. जाळावर धरलं की ओल उडते, कातडं आक्रसतं, उन्हातल्या पापडासारखं. तो मधूनच काडीने टिचकी मारतो, कान देतो, पुन्हा धरतो. थोडं कमी तापलं तर सूर खाली, जास्त तापलं तर कातडं फाटायचं. मोजायला कानाखेरीज काही नाही.

शेजारी ढोलकी. तिच्या उजव्या पुडीवरचा तो काळा गोल, म्हणजे शाई, कशासाठी? शोभेसाठी नव्हे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की मूळ सुराबरोबर जे उपसूर निघतात ते 1.59 पट, 2.14 पट असे वेडेवाकडे असतात. म्हणून साध्या ढोलातून सूर न निघता धडधड निघते. मधोमध वजनदार लेप दिला, की मूळ सूर सर्वात जास्त खाली ओढला जातो आणि उपसूर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींजवळ येऊन बसतात. तारेच्या वाद्यात असतात तसे! मृदंग आणि तबल्यातली ही किमया सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 साली 'नेचर'मध्ये मांडली. ज्या कारागिरांनी ती शोधली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ढोलकीच्या शाईतही तेच तत्त्व आहे, म्हणूनच ती लावणीच्या सुरात मिळवता येते.

तमाशाच्या नकाशावर आमचा जिल्हा काही पाहुणा नाही. पेशवाईतले शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरलं असं सांगतात, आणि जिल्ह्याला आता नाव आहे ते त्याच अहिल्याबाईंचं. तरी तमाशाने जिल्हा सोडला नाही! तमाशा कलावंत चंद्रकांत ढवळपुरीकर पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे. कांताबाई सातारकर संगमनेरला राहिल्या आणि पुरुषी भूमिकाही अशा गाजवल्या की बघणारा चाट पडावा. 25 मे 2021 ला त्या गेल्या.

ती दोन वर्षंच वाईट होती. 25 मार्च 2020 ला पाडवा होता आणि नेमकी त्याच दिवशी देशभर कोरोनाची टाळेबंदी लागली. 2020 आणि 2021 चे दोन्ही चैत्र कोरडे गेले. राज्यातले निर्बंध पूर्ण उठले 2 एप्रिल 2022 ला. त्या दिवशी तीथ कोणती होती? पाडवा! टाळेबंदीचा पसारासुद्धा पाडव्याला मांडला आणि पाडव्याला आवरला. दोन हंगामांचं कर्ज डोक्यावर घेऊन कितीतरी फड पुन्हा रस्त्याला लागले. गॅलागर बंधूंचं एकत्र येणं याच्यापुढे मला जरा सोपंच वाटतं.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आल्यापासून रात्रभर चालणाऱ्या वगाला कात्री लागली आहे, हे खरं. गण-गवळण आणि बतावणी उरकते, वग घाईत येतो. मला ते खटकतं. पण सकाळची 'हजेरी' अजून आहे. जत्रेत दुसऱ्या दिवशी उजेडात, कुस्त्यांच्या आधी फड पुन्हा गातो. भोंग्याशिवाय तमाशाचा आवाज केवढा लांब जातो ते ऐकायचं असेल तर तिथे उभं राहा.

पुढचा पाडवा 7 एप्रिल 2027 ला आहे, चैत्री पौर्णिमा 20 एप्रिलला आणि कालाष्टमी 28 एप्रिलला. तुम्ही गावच्या जत्रा कमिटीत असाल, तर वर्गणी दिवाळीतच गोळा करायला लागा आणि राहुटी पहिल्या दिवशी गाठा. कालाष्टमीची तीथ तुमच्यासाठी कुणी राखून ठेवणार नाही.