बुसानच्या बाजारात

परक्या शहराचे वैभव पाहावयाचे असेल तर त्याचे राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये पाहावीत. पण तेथील माणसांचा संसार कसा चालतो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर पहाटे उठून बाजाराची वाट धरावी. वाचकहो, आज आपणांस अशाच एका शहराच्या बाजारांत न्यावयाचे आहे. त्याचे नाव बुसान. जुन्या नकाशांत ते ‘पुसान’ या नावाने आढळते. दक्षिण कोरियाच्या आग्नेय टोकाला वसलेले हे त्या देशातील सर्वांत मोठे बंदर असून, लोकसंख्येने केवळ राजधानी सोल त्याच्या पुढे आहे.

बुसानचे डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरत आले आहेत. डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत जुने शहर दाटीवाटीने वसले, आणि तेथेच एकमेकांना खेटून चार बाजार उभे आहेत : जागाल्ची हा मासळीबाजार, गुक्जे म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय’ बाजार, बुप्योंगचा ‘डबा-बाजार’ आणि बोसू-दोंगची पुस्तकगल्ली. एका दिवसात पायी फिरून होतील इतके ते जवळजवळ आहेत. परंतु ते कोणी आणि कोणत्या परिस्थितीत उभारले हे ठाऊक नसेल, तर त्यांचे मर्म हाती लागत नाही.

निर्वासितांचे शहर

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्धाचा वणवा पेटला. तीन दिवसांत सोल पडले. उत्तरेकडून आलेल्या सैन्याने जवळजवळ सारा दक्षिण कोरिया व्यापला. पण बुसान आणि त्याभोवतीचा कोपरा अखेरपर्यंत त्याच्या हाती लागला नाही. साहजिकच साऱ्या देशाचे आश्रयस्थान बुसान झाले. सरकार तेथे आले, न्यायालये आली, विश्वविद्यालये आली आणि त्यांच्यामागून गाठोडी डोक्यावर घेतलेली लक्षावधी माणसे आली. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेतील हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांनी दक्षिणेस हलविण्यात आले, त्यांपैकी कित्येकांची पावले पुढे याच शहराकडे वळली. १९५३ पर्यंत बुसान ही तात्पुरती राजधानी होती. त्या काळात शहराची वस्ती दुपटीच्या घरात गेली.

आपल्या देशाचाही या बंदराशी त्या दिवसांत संबंध आला. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सेनेचे ६० वे छत्रीधारी वैद्यकीय पथक नोव्हेंबर १९५० मध्ये येथेच उतरले. त्याने सैनिकांबरोबर नागरिकांचीही शुश्रूषा केली.

मासळीबाजारापासून काही पावलांवर योंगदो पूल आहे. १९३४ साली बांधलेल्या या पुलाचा एक भाग जहाजांना वाट देण्यासाठी वर उचलला जाई. साऱ्या कोरियात तो प्रसिद्ध होता. त्यामुळे घर सोडताना आप्तस्वकीय परस्परांना सांगत, “चुकामूक झालीच, तर बुसानला योंगदो पुलावर भेटू.” बुसानमधले दुसरे ठिकाण अनेकांना ठाऊकच नव्हते. पुलाच्या कठड्यांवर हरवलेल्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या लागत. पुलाखाली भविष्य सांगणाऱ्यांची रांग बसे आणि विचारणाऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असे : आमचे माणूस जिवंत आहे का? १९६६ साली पूल उचलणे थांबले. नव्याने बांधल्यावर २०१३ पासून तो प्रवाशांसाठी पुन्हा उचलला जाऊ लागला.

वाट पाहणाऱ्यालाही भूक लागतेच. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने विकावयास काढले, आणि त्यातून हे बाजार फोफावले.

गुक्जे बाजाराचा प्रारंभ याही आधीचा. १९४५ साली जपानची सत्ता संपली. मायदेशी परतणाऱ्या जपानी लोकांनी घरातील चीजवस्तू येथील मोकळ्या मैदानात मिळेल त्या भावाने विकल्या. जपानहून परतलेल्या कोरियन लोकांनीही तेथेच पथाऱ्या मांडल्या. युद्धकाळात निर्वासितांनी ते मैदान भरून गेले. परदेशी लष्कराच्या गोदामांतून आलेला माल, मदतीचे कपडे, बंदरात उतरलेली देशोदेशींची जिन्नस सारे येथे मिळू लागले, आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हे नाव शोभून दिसू लागले. १९५३ च्या आगीत बाजाराची राखरांगोळी झाली. तो पुन्हा उभा राहिला. आज तेथे कापडचोपड, भांडीकुंडी, चष्मे, दिवे, गाद्या-रजया यांची दुकाने ओळीने आहेत. २०१४ साली याच बाजाराच्या नावाने निघालेला कोरियन चित्रपट एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. त्यात एका निर्वासित मुलाने बाजारातले एक लहानसे दुकान जन्मभर कसे जपले, त्याची कथा आहे. फाळणीनंतर छावण्यांतून दुकाने आणि दुकानांतून नगरे उभी राहिलेली ज्यांनी पाहिली, त्या भारतीय कुटुंबांना ही कथा परकी वाटणार नाही.

मावश्यांचा मासळीबाजार

जागाल्ची हे नाव किनाऱ्यावरील खडीवरून, ‘जागाल’वरून, पडले असे सांगतात. या खडीवर पाट्या मांडून बसणाऱ्या स्त्रियांनी हा बाजार नावारूपास आणला. त्यांना बुसानच्या बोलीत ‘अजिमे’ म्हणतात. युद्धात कोणाचा पती गेला होता, कोणाचा घरधनी बेपत्ता होता. मुलांची तोंडे तर भरावयाची होती. भांडवल लागत नाही आणि माल रोज पहाटे समुद्रातून येतो, असा धंदा त्यांनी पत्करला. त्या पाट्यांवर मुले शिकली. आज कोरियाच्या औद्योगिक भरभराटीचे कौतुक होते, तेव्हा कारखान्यांच्या चिमण्यांबरोबर या पाट्यांचीही आठवण ठेवावयास हवी.

२००६ साली येथे सीगल पक्ष्याच्या पंखांसारख्या छताची मोठी इमारत झाली. तळमजल्यावर पाण्याच्या टाक्यांतून जिवंत मासे पोहत असतात. आपण मासा निवडावा, तो वरच्या मजल्यावरील खाणावळीत न्यावा आणि ठरावीक आकार देऊन तेथे शिजवून अथवा कच्चाच कापून घ्यावा, अशी रीत आहे. पण बाजाराचा खरा प्राण बाहेरच्या गल्ल्यांत आहे. रबरी बूट व हातमोजे घातलेल्या वृद्ध स्त्रिया सुरीच्या दोन फटक्यांत मासा साफ करतात, आणि “ओइसो, बोइसो, साइसो!” म्हणजे “या, पाहा, घ्या!” अशी हाळी देतात. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येथे जो उत्सव भरतो, त्याचे घोषवाक्यही हेच आहे.

बांगड्याच्या कुळातला ‘गोदुंगॉ’ हा बुसानचा मानाचा मासा. रुपेरी पट्टीसारखा ‘गाल्ची’ पाहून कोकणातील वाचकांना वाकटीची आठवण होईल. मांदेलीच्या जवळच्या कुळातली सुकी मासळी ढिगांनी रचलेली असते. तिच्या काढ्याविना कोरियन घरात रस्सा होत नाही. शेजारी समुद्रवनस्पतींच्या जुड्या दिसतील. त्यांतील ‘मियॉक’चे कढण बाळंतिणीला देतात. पुढे प्रत्येक वाढदिवसाला तेच कढण घरी शिजते. आपल्या जन्मासाठी आईने सोसलेल्या वेदनांचे स्मरण त्यात असते.

डबे आणि पुस्तके

बुप्योंगचा बाजार १९१० पासूनचा. युद्धकाळात अमेरिकन लष्कराचे डबाबंद पदार्थ येथे विकले जात, म्हणून त्याला ‘कांगथोंग’ म्हणजे पत्र्याच्या डब्यांचा बाजार हे नाव पडले. आज तेथे माशांच्या वड्यांची गल्ली प्रसिद्ध आहे. लाल भोपळ्याची व तांबड्या चवळीसारख्या कडधान्याची खीरवजा पेजही मिळते. २०१३ पासून तेथे रात्रीचा बाजार भरतो. त्या बाजाराने सुरुवातीपासून विवाह करून कोरियात आलेल्या परदेशी स्त्रियांनाही आपापल्या देशाचे पदार्थ विकण्यास जागा दिली. निर्वासितांनी थाटलेल्या बाजाराने नव्याने आलेल्यांना सामावून घ्यावे, हे त्याच्या इतिहासाला साजेसेच झाले.

येथून चढावर बोसू-दोंगची अरुंद गल्ली लागते. उत्तरेकडून आलेल्या एका दांपत्याने युद्धाच्या दिवसांत येथे जुनी मासिके विकावयास मांडली. वरच्या डोंगरावर तंबूंतून विश्वविद्यालयांचे वर्ग भरत. विद्यार्थी या वाटेने येत-जात. वर्ष संपले की पुस्तके विकीत आणि पुढच्या वर्गाची विकत घेत. छप्पर गळत होते, पोटात अन्न नव्हते, तरीही पुस्तकाला गिऱ्हाईक होते! दुकानांची संख्या आता पुष्कळ घटली आहे. पण उरलेल्या दुकानांतून जिन्यापर्यंत रचलेली पुस्तके अजूनही वाट अडवितात.

खरेदीचा शिष्टाचार

आपण या बाजारांत गेलात, तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खाणावळीतल्या बाईंना ‘इमो’ अशी हाक मारतात. या शब्दाचा अर्थ आईची बहीण, म्हणजे आपली मावशी! दिवसाच्या पहिल्या विक्रीला ते ‘मासुगॉरी’ म्हणतात. तीच आपली भवानी. सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने भाव करून रिकाम्या हाताने निघून जाणे तेथेही अशुभ मानले जाते. आपली भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर घालते, तसेच तेथे मापावर थोडे अधिक देण्याची चाल आहे. त्याला ‘दॉम’ म्हणतात. तो मागून घेण्यापेक्षा आपसूक मिळण्यात गोडी अधिक. विक्रेत्यांचे छायाचित्र मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

शाकाहारी कुटुंबांनी सावध असावे. किमचीत बहुधा खारवलेल्या मासळीचा रस असतो आणि साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही सुकी मासळी उकळलेली असते. त्यांच्यासाठी फळे, पेज, तांदळाच्या उकडलेल्या वड्या आणि भाजलेले तीळ आहेतच. शरदातील ‘चुसॉक’ सणाच्या आधी बाजार पाहण्याची संधी मिळाल्यास सोडू नये. हा सण साधारणतः आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास येतो. त्या दिवशी पूर्वजांना नव्या धान्याचा व फळांचा नैवेद्य दाखवितात, आणि त्यासाठी सारे शहर बाजारात लोटते.

उद्याची चिंता

या चित्राला दुसरी बाजूही आहे. वातानुकूलित विक्रीगृहे आणि घरपोच माल देणाऱ्या कंपन्या यांनी गिऱ्हाईक ओढून नेले आहे. पाटीवर बसणाऱ्या मावश्या थकल्या. ज्यांच्या शिक्षणासाठी त्या बसल्या, ती मुले शिकली म्हणूनच पाटीवर बसावयास आली नाहीत. बाजाराच्या यशानेच त्याचे वारस हिरावून घेतले, असे म्हणावे लागेल. कोरियन शासनाने काही उपाय योजले आहेत. २००९ पासून पारंपरिक बाजारांत चालणारी खास खरेदीपत्रे निघाली. २०१२ साली मोठ्या विक्रीगृहांना महिन्यातून दोन दिवस बंद ठेवण्याचा नियम झाला. गल्ल्यांवर छते आली, वाहनतळ झाले.

पण छताने ऊन-पाऊस अडतो, बाजार टिकत नाही. तो टिकतो रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाने. भाव पाहणारा ग्राहक यंत्रालाही मिळतो, “पोराची परीक्षा कशी झाली?” असे विचारणारी विक्रेती मात्र बाजारातच भेटते. बुसानच्या निर्वासितांचे घर, गाव आणि गणगोत युद्धाने नेले. या बाजारात त्यांनी पुन्हा ओळखी जोडल्या आणि अनोळखी बाईला मावशी म्हटले. आपल्या गावच्या मंडईतही हे नाते आज आहे. पुढच्या वेळी पिशवी घेऊन निघाल तेव्हा मुलांनाही बरोबर न्या. मोजून पैसे कसे द्यावेत आणि समोरच्या कष्टाला मान कसा द्यावा, हे दोन्ही धडे त्यांना तेथे एकदमच मिळतील.