पुण्याचे बिअरगृह आणि आपली ज्वारी

गेल्या हिवाळ्यात आपल्या संस्थेच्या कामानिमित्त पुण्यास जाण्याचा योग आला. काम दुपारीच उरकले. ज्यांच्याकडे काम होते त्या गृहस्थांनी, "आपण धान्याच्या मुलुखातले, दाण्याचे पुढे काय होते ते एकदा पाहून जा," असा आग्रह करून सायंकाळी एका बिअरगृहात नेले. तेथे बिअर बाहेरून येत नाही. समोरच्याच भांड्यांत तयार होऊन तेथेच विकली जाते. पुण्यात 'डूलाली' नावाचे असे गृह २००९ साली निघाले. त्यानंतर अशी गृहे वाढत गेली. महसूल कचेरीत उभा जन्म काढलेल्या माणसास आत पाऊल टाकताना संकोच वाटला, हे खरे. परंतु जे पाहिले ते कास्तकार बंधूंच्या कानी घालणे अगत्याचे वाटते.

बिअरचे मूळ जव. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश व हरियाणा या बाजूस पिकतो. जव सुमारे दोन दिवस भिजवितात, चार-पाच दिवस मोड आणवितात आणि मग गरम हवेने वाळवितात. यासच माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्ये उत्पन्न होतात की, भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेविले असता पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्स नावाच्या कडू फुलांसह उकळितात, निववितात आणि त्यात यीस्ट घालितात. यीस्ट साखर खाते व मद्यार्क उत्पन्न करिते. उरलेला चोथा गुरांस चालतो. मी माल्टचे चार दाणे चावून पाहिले. भाजक्या धान्यासारखे खमंग व गोडसर लागले. बिअरचाही एक घोट घेतला. दाण्याची गोडी तीत राहिली नव्हती.

जुन्या सवयीने हिशेब मांडिला. अर्ध्या लिटरच्या पेल्यास सुमारे सव्वाशे ग्रॅम माल्ट लागते. पेल्याची किंमत साडेतीनशे रुपये. म्हणजे एका किलोचे आठ पेले आणि अठ्ठावीसशे रुपये. यातून सरकारचा कर, जागेचे भाडे, मजुरी, यंत्रांचा खर्च वजा जातो, हे मान्य. तरीही जव पिकविणाऱ्याच्या पदरात एका पेल्यामागे तीन-चार रुपयांहून अधिक पडत नाहीत.

हा आकडा ध्यानात ठेवावा. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस उत्तेजन देण्याचे धोरण आखिले, तेव्हा ज्वारी-बाजरीस भाव मिळेल असे सांगण्यात आले होते. त्यावर पुढे मोठा वाद माजला. पेल्याची किंमत वाढली म्हणून दाण्याचा भाव वाढतोच असे नाही, एवढे तरी वरील हिशेबावरून दिसते.

दुसरी बाजू आमच्या कचेरीतली. एका गावच्या एका खातेदाराची बारा एकर जमीन नऊ वर्षांत चार खरेदीखतांनी गेली. चारही फेरफारांचे कागद माझ्या टेबलावरून गेले. नोटिसा बजावलेल्या, सह्या बरोबर, नोंदी बिनचूक. शेवटच्या वेळी त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन दाराशी उभी होती. "साहेब, हे थांबवता येत नाही का?" असे तिने विचारले. नियमाप्रमाणे थांबविता येत नव्हते. जमीन कशापायी गेली हे सर्व गावास ठाऊक होते. परंतु दारू हा शब्द लिहिण्यास त्या नमुन्यात रकानाच नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातील बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे का काढिले, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मग त्या गृहातून घ्यावे काय? माझ्या मते, अर्धी विद्या घ्यावी. नायजेरिया देशाने १९८८ साली परदेशी जवाची आयात बंद केली, तेव्हा तेथील कारखान्यांनी ज्वारी हाती धरिली. तेथे मद्यरहित माल्टपेयेही लोकप्रिय आहेत. वऱ्हाडात एके काळी कपाशीच्या जोडीस ज्वारी हेच मुख्य पीक होते. पुढे सोयाबीनने तिची जागा घेतली. मोड आणून वाळविलेल्या ज्वारीचे पीठ लेकरांच्या व आजाऱ्यांच्या पेजेस चांगले. कारण मोडांमुळे पेज पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे आपण जाणतोच. तेच विष ज्वारीच्या मोडांतही असते. म्हणून दाणे वाळल्यावर मोड व मुळ्या चोळून, पाखडून टाकाव्यात. त्या गुरांसही घालू नयेत. पीठही शिजवूनच वापरावे.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. भिजविण्याचे हौद, सावलीची जागा, वाळवणीची सोय व स्वच्छता संस्थेनेच पाहिली पाहिजे. प्रथम एक-दोन पोत्यांवर प्रयोग करावा, तयार पीठ प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, खर्चाचा चोख हिशेब ठेवावा आणि मगच पुढे पाऊल टाकावे. पुण्याच्या कारागिराकडून दाण्यास मोड आणण्याची कला जरूर शिकावी. त्याने यीस्टचे भांडे उघडिले की, आपण नमस्कार करून घरी यावे.